सुतावर फिरणारी थाळी

किसना,

सुमननं तुझं रेकॉर्ड वाजवायचं मशीन माझ्याकडे आणून ठेवलं आहे. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडीत आणि तिथून अमरावतीला घरापर्यंत टांग्यात, सगळी वाट तिनं ती लाकडी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. जड बिडाच्या लोखंडाची, रेकॉर्ड ठेवायची थाळी तेवढी गोधडीत गुंडाळून पायाशी घेतली होती. मी म्हटलं, "सुमन, खाली ठेवायची होती ना पेटी." तर म्हणाली, "याले हादरा नाई लागला पाहिजे म्हनत ते." एवढं बोलून ती आत मायजवळ जाऊन बसली.

पेटी आता माझ्या खोलीत खिडकीखाली आहे. माय तिच्याकडे पाठ करून बसते. मी शाळेतून आले की आधी तिच्यावर नजर जाते, मग पदर खोचून पाय धुवायला जाते. लोक भेटायला येतात, तुझ्याबद्दल बोलतात. पोरगा कामाचा होता, सुपारीचंही व्यसन नव्हतं, माणसं जोडून होता. मी हो हो म्हणते. खरं तर यातलं काही माझ्या डोक्यात नसतं. माझ्या डोक्यात आपलं भांडण असतं, जे तू अर्धं टाकून गेलास. आणि त्या भांडणाला आता माझ्याकडे उत्तर असूनही ते सांगायला कोणी नाही.

तुला शांताचं लग्न आठवत असेल. आपल्या मामाची शांता. आपण धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढचा उन्हाळा होता. मोर्शीकडच्या त्या गावात आपल्या लोकांनी गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढायची नाहीत म्हणून सांगितलं, आणि गावानं वाजंत्र्यांना सांगून ठेवलं की आपल्या मोहल्ल्यात कोणी वाजवायला जायचं नाही. मामा पार खचले होते. पोरीचं लग्न मुक्यानं लावायचं का, एवढंच म्हणत होते. तू अकोल्याच्या एका चहाच्या हॉटेलातून चावीचा ग्रामोफोन मागून आणलास. कर्ण्याचं तोंड मांडवाबाहेर केलंस, गावाकडे. मी म्हटलं होतं, "तिकडं काहून करतं? ऐकणारे तर मांडवात हाये." तू म्हणालास, "ज्याइले ऐकवाचं हाये ते तिकडंच हाये, ताई."

पहिलं गाणं छान वाजलं. दुसऱ्याला मध्येच चावी उतरली. बाईचा आवाज हळू हळू खाली गेला, जाडा झाला, मग पुरुषासारखा, मग रेड्यासारखा. पाराजवळ बसलेली गावातली पोट्टी हसायला लागली. एकानं तर ते सूर तसेच ओढून दाखवले. शांतानं मुंडावळ्यांच्या आड मान आणखी खाली घातली. तू धावत जाऊन चावी भरायला लागलास, आणि त्यानंतर लग्न लागेपर्यंत, पंगती उठेपर्यंत तू त्या यंत्रापाशीच उभा होतास. गाणं चालू असताना चावी द्यायचास, तर सुई उडायची. नाही दिली तर गाणं बसायचं. जेवला नाहीस. परतताना एस्टीत तू तळहात उघडे करून मांडीवर ठेवले होतेस, फोड आले होते म्हणून. मला कळलं होतं की हे प्रकरण इथं संपत नाही.

तुला तेव्हा अकोल्याच्या कापसाच्या जिनात फिटर होऊन थोडेच दिवस झाले होते. पुढं जेव्हा जेव्हा रविवारी अमरावतीला आलास, तेव्हा पिशवीत काही ना काही असायचं. कधी मोटर, कधी भंगारातली पुली, कधी नुसता बेअरिंगमधला छर्रा, तो तू मायच्या हातावर ठेवायचास आणि म्हणायचास, "पाय व माय, याच्यावर सगयं फिरते." माय म्हणायची, "याच्यावर फिरते त मंग तुह्या लग्नाचंबी फिरव काही." तुझं लग्न फिरलं, सुमन आली, तरी छर्रे यायचे थांबले नाहीत.

चावीच्या जागी विजेची मोटर आली ते वर्ष मला आठवतं. मोटरच्या दांडीला लागून एक रबरी चाक, आणि ते चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून थाळी फिरवायचं. तू कागदाची गोल चकती कापलीस, तिच्यावर काळ्या रेघा मारल्यास, थाळीवर ठेवलीस आणि विजेच्या दिव्याखाली फिरवलीस. थाळी फिरत होती आणि रेघा जागच्या जागी उभ्या होत्या. वेग बरोबर असला की दिव्याच्या उजेडात त्या थांबल्यासारख्या दिसतात, असं तू समजावून सांगितलंस. माय दोनदा जवळ येऊन बघून गेली आणि म्हणाली, "फिरून राहिलं का उभं हाये, मले एक काय ते सांग." तू इतका हसलास की तुला ठसका लागला. तुझ्या हसण्याचा विचार आला की मला तोच ठसका आधी ऐकू येतो.

ते रबरी चाकाचं मशीन लोकांना पुरत होतं. अकोल्यात, बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरांत, आपल्या माणसांची जेवढी लग्नं झाली तेवढ्या मांडवांत तू ते नेलंस. मग कधीतरी ती नवी लांब रेकॉर्ड आली, न फुटणारी, हळू फिरणारी, एका बाजूला एकच सनई. आमच्या शाळेतल्या पेटीवाल्या मास्तरांनी मला ऐकायला दिली होती. तू ती लावलीस. मी पोळ्या लाटत होते. सनईवाल्यानं एक सूर धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी सहज म्हटलं, "किसना, याचा सूर हलते रे."

तू म्हणालास, "सनई हाये ते. हलवते मानूस."

"तसं नाई. मानूस हलवते तसं नाई हलत. झोपायात बसल्यावानी हलते."

तू पुन्हा लावलीस. कान भोंग्याला लावून ऐकलंस. आणि तुझा चेहरा उतरला. त्या जुन्या भराभर फिरणाऱ्या रेकॉर्डींत जे लपत होतं ते या हळू फिरणाऱ्या रेकॉर्डीत उघडं पडलं. रबरी चाक एका जागी दबून चपटं झालेलं, मोटरची थरथर त्याच चाकातून थाळीत आणि थाळीतून सुईत, आणि खालच्या बुशाच्या नळीत दांडी थोडीशी डुलणारी. त्या दिवशी तू पोळ्या खाल्ल्यास पण कशाबरोबर खाल्ल्यास हे तुला सांगता आलं नसतं.

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते कित्येक वर्षं चाललं. तू म्हणायचास, मोटर थाळीला शिवली नाही पाहिजे. जिनात नाही का, इंजिन एकीकडे आणि सरकी काढायचे रेचे दुसरीकडे, मध्ये पट्टा. तसंच करायचं. मोटर वेगळ्या फळीवर, थाळी वेगळ्या फळीवर, मध्ये फक्त सुताचा दोरा. दोऱ्यातून ओढ येईल, थरथर येणार नाही. मायला तू सूत आणून दिलंस. तिनं ते मांडीवर पीळ घालून वळलं, तू त्याला मेण लावलंस. गाठ मारायची नाही, कारण गाठ पुलीवर आली की थाळीला हिसका बसतो. म्हणून दोन्ही टोकं उसवून, एकमेकांत मिसळून, ओल्या बोटांनी पीळ देऊन तू सांधायचास. सांधा कुठं आहे ते मला शोधूनही सापडायचं नाही. थाळी तर तू भंगारातल्या बिडाच्या पुलीची केलीस, एवढी जड की एकदा फिरायला लागली की तिला थांबायचं सुचत नसे. आणि ती सगळी जड थाळी एका छर्ऱ्यावर. पितळी बुशात उभी दांडी, दांडीखाली एक छर्रा, वर तेलाचे थेंब. बस.

सूर पुष्कळ सुधारला. मला तर तो सरळ वाटायला लागला. पण तुझं समाधान होईना.

"आता चांगलं वाजते," मी म्हणायची.

"बुश घिसला हाये. दांडी डुलते. तुले ऐकू नाई येत का?"

"मले नाई येत, आन लग्नातल्या कोनालेच येनार नाई. लोकं जेवाले येतात, किसना. पोरं रडतात, पंगतीत भात कमी पडते, कोन तुया सुराकडं कान लावून बसते?"

"आधी तूच म्हनली सूर हलते."

"म्हनली. तवा हलत होता."

"अजूनबी हलते. लोकाइले कयते ताई. सांगता नाई येत, पन कयते. दुसऱ्याच्या मांडवात खरी सनई बसते, वाजवनारा मानूस समोर बसते. आपल्या मांडवात आपन थाळी फिरवतो. मंग ते तरी सरळ फिरली पाहिजे का नाई?"

मला ते पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. मी म्हणायची, तुझं काय ते कर, पण जेव आधी.

काशाचा नवा बुश करायचा तुझ्या मनात होता. त्याला लेथ पाहिजे. जिनाच्या मॅनेजरनं सांगितलं होतं की हंगाम सरल्यावर, उन्हाळ्यात जिन बंद असतं तेव्हा, खुशाल लेथ वापर. आणि त्याच दिवाळीत इथल्या कॉलेजात प्रयोगशाळेला मेकॅनिक पाहिजे असल्याचं मला कळलं. मी प्राचार्यांना भेटून आले. ते म्हणाले, भावाला घेऊन या, लगेच ठेवतो. सुमनला मी सांगितलं तेव्हा तिनं तिथंच घरातल्या भांड्यांपैकी कोणती न्यायची, कोणती ठेवायची ते मनात ठरवायला सुरुवात केली होती. तू म्हणालास, "हंगाम सरू दे. भर हंगामात सोडलं त बरं नाई दिसत. आन बुश करून घेतो, मंग येतोच." प्राचार्य थांबायला तयार झाले. सगळेच थांबायला तयार झाले. म्हणून मला कोणावर राग धरता येत नाही. बुशावर धरू? कापसावर धरू? त्या वर्षी कापूस भरपूर आला होता.

तू शेवटचा आलास त्या रविवारी जेवून झाल्यावर टेबलावर बोटं वाजवून दाखवत होतास. जिनात छताखालून तो लांब लोखंडी शाफ्ट जातो, त्याच्यावरच्या पुल्यांवरून पट्टे खाली रेच्यांवर उतरतात, आणि सगळं त्या एका शाफ्टावर चालतं, हे तू मला पूर्वीच सांगितलं होतंस. "त्याचं शेवटचं बेअरिंग बोलून राहिलं," तू म्हणालास. "आधी गुणगुणे. आता असं करते." आणि बोटांच्या पेरांनी टेबलावर एक कोरडा, तुटका आवाज काढलास. मी विचारलं, "मंग सांगितलं का?" तू म्हणालास, "सांगितलं. म्हनते, तेल दे, हंगाम निघून जाऊ दे. आता बंद केलं त गाड्या रस्त्यावर उभ्या राहतीन."

"मंग तू नको जाऊ ना त्याच्याजोळ."

"तेल कोन देईन?"

तू हे अगदी साधेपणानं विचारलंस. जसं काही मी म्हटलं होतं, आज पाणी भरू नको, आणि तू विचारलंस, मग पिणार काय. मायनं तुला शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या. तू दारातून वळून मला म्हणालास, "बुश झाला का तुले ऐकवतो. मंग सांगजो हलते का नाई." मी म्हटलं, "जाय आता, गाडी चुकीन." आपण एकमेकांशी शेवटचं हे बोललो.

मी पाढे म्हणून घेत होते तेव्हा जिनातला एक माणूस शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं "लागलं" एवढंच सांगितलं. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मी स्वतःला समजावत होते की फिटरला लागतंच, हाताला लागलं असेल, बोट गेलं असेल. बोट गेलं तर कॉलेजवाले घेतील की नाही, याचीही चिंता मी करून ठेवली. अकोल्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सुमन व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर तुझी टोपी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मला काही विचारावं लागलं नाही.

बेअरिंग फुटलं, शाफ्टाचं टोक खाली आलं, पट्टा उडाला. तू शिडीवर होतास. हातात तेलाची बुधली होती. यापलीकडे मी कोणाला विचारलं नाही, आणि सांगायला आले त्यांना थांबवलं.

तुझा डबा आणि कपडे आणायला मी आणि सुमन जिनात गेलो. मी मनात भांडणाची तयारी करून गेले होते. तो मॅनेजर म्हणेल, आम्हाला माहीत नव्हतं, त्याचीच चूक, आणि मग मी त्याला काय काय बोलेन, हे सगळं मी गाडीत जुळवलं होतं. तो खुर्चीवरून उठला. म्हणाला, "बाई, त्यानं मले सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मीच म्हटलं, आठ दिवस काढ." आणि टेबलाचा काठ धरून तो म्हातारा माणूस माझ्यासमोर रडला. माझ्याजवळ जुळवलेलं एकही वाक्य उरलं नाही. मी काय करायला पाहिजे होतं, किसना? सुमननं त्याला पाणी दिलं. तिच्याच माणसाला मारून बसलेल्या त्या माणसाला तिनं पाणी दिलं, आणि मी उभी होते. मागं जिन चालू होतं. त्यांनी नवं बेअरिंग बसवलं होतं. मी कान देऊन ऐकलं. कुठं काही बोलत नव्हतं.

लेथजवळच्या कपाटात तुझ्या नावाचं फडकं निघालं. त्यात काशाचा गोल तुकडा होता, अजून भोकही न पाडलेला. तो सुमनजवळ आहे.

मी तुझ्यावर रागावले आहे हे तुला सांगायचं होतं. आणि हेही, की तुझे भाऊजी गेल्यावर मी जी घरात स्वतःला कोंडून बसले होते, ती दर रविवारी तुझ्या छर्ऱ्यांच्या, पुल्यांच्या गोष्टी ऐकून माणसांत आले. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. मी फक्त तू बोलत असायचास ते ऐकायची. हे कधी सांगितलं नाही. आपल्यात असं कोणी सांगत नाही.

मागल्या आठवड्यात बडनेऱ्याच्या क्वार्टरांतली मंडळी आली. पोराचं लग्न होतं. संकोचत म्हणाली, "बाई, किसनभाऊचं मशीन भेटलं असतं त..." मी नाही म्हणणार होते. सुमन आतून बाहेर आली आणि म्हणाली, "नेऊ आमी."

आम्ही दोघींनी ते मांडलं. जुना दोरा प्रवासात तुटला होता. मायनं नवा वळून दिला, आमच्याकडे न बघता. पण सांधा कोण करणार? सुमननं टोकं उसवली, मी ओल्या बोटांनी पीळ दिला, मेण लावलं. थाळीनं एक फेरा घेतला आणि सुटलं. पुन्हा केलं, पुन्हा सुटलं. सुमन म्हणाली, "मी रोज पाहे त्याइले करताना. रोज पाहे." शेवटी आम्ही गाठ मारली. जेवढी बारीक मारता येईल तेवढी.

बडनेऱ्याच्या मांडवात मी सनईची रेकॉर्ड लावली. गाठ पुलीवरून जायची आणि सूर अडखळायचा. धरलेला सूर, मध्ये उचकी, पुन्हा सूर, पुन्हा उचकी. मला वाटलं आता कोणीतरी वळून बघेल, कोणीतरी हसेल. मी मशीनसमोर पदर घट्ट ओढून उभी राहिले, तू शांताच्या लग्नात उभा होतास तशीच. त्रिशरण झालं, फुलं पडली, पोरं पळापळ करायला लागली, भाताचं पातेलं आलं. कोणी वळून बघितलं नाही. कोणालाही कळलं नाही, किसना. मी बरोबर होते. इतकी वर्षं मी तुला हेच सांगत होते, आणि त्या मांडवात मला वाटत होतं की निदान एका माणसानं तरी येऊन म्हणावं, हे काय लावलं, सूर तुटून राहिला.

नवरदेवाची आजी काठी टेकत आली. मशीनजवळ थांबली. फिरणाऱ्या थाळीकडे बघत राहिली. मी तयार झाले.

"लय गोड वाजून राहिलं व," ती म्हणाली. "कोनं केलं हे?"

"माया भावानं."

"हो का? कुठी हाये तो?"

सुमन माझ्या मागं होती. मला मागं वळून बघता आलं नाही. मी म्हटलं, "अकोल्याले असते."

"बरं," म्हातारी म्हणाली. "त्याले सांगजो, आला का असा नको जाऊ म्हना. जेवून जाय म्हना."

मी म्हटलं, सांगते.